उलटे वेढे

तुम्ही कधी पाइपाचा जोड बसवताना नीट पाहिलंय का? पाइपाच्या तोंडाशी आटे असतात. त्यांवर पातळ पांढरी टेप गुंडाळतात आणि वरून जोड फिरवत घट्ट आवळतात. तोंडाकडून बघून टेप उजवीकडेच, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, गुंडाळायची. डावीकडे गुंडाळली, तर जोड फिरवता फिरवता ती सुटत जाते आणि पाणी वाट काढतं. गोष्ट एवढीशी, पण लक्षात असू द्या.

त्याला सगळे कोरडे मिस्त्री म्हणत. त्याने बसवलेला जोड कोरडा आणि त्याचं बोलणंही कोरडंच. त्या रविवारी दुपारी तो पिशवी खांद्याला लावून ताईकडे निघाला, तेव्हा मात्र त्याच्या जिवाला घोर लागला होता. ताईच्या बाथरूममधला एकच जोड तिसऱ्यांदा गळत होता. लग्नानंतर बारा वर्षांनी ताईला दिवस गेले होते, सातवा महिना लागला होता, आणि परवाच ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला होता. दाराची कडी हाताला लागली म्हणून निभावलं.

दाजींनी हसतच दार उघडलं. साऱ्या गावाचे नळ कोरडे आणि बहिणीच्या घरात तेवढं तळं, असं काहीतरी म्हणाले. मेन कॉक बंद करून मिस्त्रीने भिंतीतून आलेल्या पाइपावरचा जोड उघडला.

टेप डावीकडे गुंडाळलेली होती.

मागच्या रविवारीही ती अशीच निघाली होती. तेव्हा त्याला वाटलं, आपलाच हात चुकला असेल. पण नंतर त्याने स्वतः, डोळ्यांत तेल घालून, उजवीकडे गुंडाळली होती. म्हणजे मधल्या दिवसांत कोणीतरी जोड उघडला होता. घरात माणसं दोनच. ताईला धड वाकता येत नव्हतं. आणि दाजींना कुलपापासून पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तूत बोट घालायची हौस.

त्याने थेट विचारलं नाही. पिशवीतून पाइपाचा तुकडा काढला, आट्यांचं तोंड स्वतःकडे ठेवून मागचं टोक दाजींच्या हातात दिलं, आणि टेप कशी गुंडाळतात ते दाखवा म्हणाला. दाजी बिचारे मन लावून गुंडाळू लागले.

"डावीकडे," मिस्त्री म्हणाला. "सापडलात, दाजी."

"उजवीकडेच तर गुंडाळतोय. तुझ्या डोक्याचे आटे ढिले झालेत का रे? ये, माझ्या बाजूने बघ."

मिस्त्री उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. तिथून पाहिलं, तर वेढे खरंच उजवीकडे जात होते. पाइपाच्या मागे बसलेल्या माणसाचं उजवं ते समोरच्याचं डावं. पण दाजींचे वेढे गबाळे होते, एकावर एक चढलेले. बाथरूममधले एकसारखे होते. मुरलेल्या हाताचे.

मागे बसलेल्या माणसाचे...

त्याने बाथरूमकडे मान वळवली. त्या जोडाच्या मागे भिंत होती. भिंतीच्या मागे काहीच नव्हतं. हा तिसरा मजला.

तो आत गेला आणि भिंतीला कान लावला. ओल्या लोखंडाचा वास आला. कुठूनतरी बारीक आवाज येत होता. कुर्र... मग थांबला. पुन्हा कुर्र... कोणी निवांत बसून आटे साफ करावेत तसा.

"पाइपात हवा असेल," दाजी हलकेच म्हणाले.

"असेल."

चार दिवस माझ्याकडे चल, असं त्याने ताईला विनवलं. एका नळाला भिऊन घर सोडू का, म्हणून ताई हसली. मग त्याने टेप वापरलीच नाही. जुन्या पद्धतीने तागाचं सूत गुंडाळून, सफेदा लावून जोड आवळला. जोड कोणी फिरवला तर कळावं, म्हणून जोडापासून भिंतीपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली. टेपचं रीळ आठवणीने पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो पुन्हा गेला. बाथरूमची फरशी खडखडीत कोरडी होती. ताई खूश होती. म्हणाली, "पहाटेच येऊन बसला होतास ना आत? मी बाहेरून विचारलं, झालं का रे? तर नुसतं 'हूं' म्हणालास."

पेन्सिलीची रेघ जुळत नव्हती. मिस्त्रीने मेन कॉक बंद केला आणि जोड उघडला. आत ताग नव्हता. पांढरी टेप होती, वेढे एकसारखे, आणि या वेळी उजवीकडे.

त्याने जोड फरशीवर तसाच टाकला, ताईचा हात धरला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तिला तीन जिने खाली आणलं. मागोमाग उतरलेले दाजी किल्ली घ्यायला परत वर गेले. खाली आले ते कुरकुरतच, की जोड तर तू बसवून आलायस, मग एवढी घाई कसली.