दारातला दिवा

आमची मुलुंडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार, जाणार म्हणून इतकी वर्षं लटकलीये की भिंतीत कोणी साधा खिळा ठोकत नाही. त्यामुळे आईचं कमरेचं हाड मोडून ती अंथरुणाला लागली, तेव्हा दारातल्या दिव्याचं बटण तिच्या उशाशी आणण्यासाठी भिंत फोडायचा प्रश्नच नव्हता. मी शर्मिष्ठा, जन्मभर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलंय. छोटा रिसीव्हर आणून दिव्याच्या वाटीत बसवला आणि बिनतारी बटण आईच्या कॉटला चिकटवलं. त्याला सेलसुद्धा लागत नाही, दाबण्याच्या जोरातूनच सिग्नलपुरती वीज तयार होते.

"टक् केलं की लागतो, टक् केलं की जातो," मी तिला दाखवलं.

"जातो काय म्हणतेस? मालवतो म्हण."

घरातलं माणूस बाहेर असेपर्यंत दारातला दिवा मालवायचा नाही, सगळे आले की मालवून कडी लावायची, हा आईचा नेम. देवदत्त, माझा धाकटा भाऊ, लग्न झाल्यापासून अंधेरीला राहतो. सणावारी उगवायचा, आईच्या गालावरून हात फिरवायचा, "येतो गं" म्हणून सटकायचा. त्याची पाठ वळली की टक्. मग तो पुन्हा येईपर्यंत दिवा रात्रंदिवस जळायचा.

"अगं, त्याचं घर आता तिकडे आहे!" मी ओरडायचे.

"येतो म्हणालाय ना."

बेडपॅन धुवायचे मी आणि दिवा त्याच्यासाठी. माझं डोकं फिरायचं, पण आजारी माणसाशी काय भांडणार.

होळीच्या आसपास आई गेली. तेराव्याचं आवरून देवदत्त निघाला, चपला घालताना सवयीने म्हणाला, "येतो गं, ताई." आईच्या रिकाम्या खोलीत टक् झालं आणि दारातला दिवा लागला.

बटणाची स्प्रिंग अडकली असेल, असं मी धरून चालले. ते उपटून स्टीलच्या कपाटात कुलपात टाकलं. शेजारच्या चेतनाकडेही तसलीच बटणं आहेत, तिचा सिग्नल आपल्याकडे येत असेल म्हणून रिसीव्हरची मेमरी पुसली. आता त्याने कुठलंच बटण ओळखायला नको होतं. पुढच्या खेपेला देवदत्तने उंबरा ओलांडला तसा दिवा आपोआप मालवला. निघताना तो "येतो" म्हणाला आणि बंद कपाटातून टक् ऐकू आलं.

भिंतीवरचा जुना स्विच बंद केला की मात्र दिवा मुकाट्याने विझायचा. म्हणजे त्याला वीज लागत होती. म्हणजे भुताटकी नाही, हे मी स्वतःला समजावलं. पण तो स्विच मी बंद ठेवला नाही. का, ते सांगते. बाजारातून परत यायचे तेव्हा दारावरच्या काचेतून उजेड दिसायचा आणि क्षणभर वाटायचं, माझ्यासाठीच लावलाय. एवढी वर्षं केलं, एक दिवा तरी माझ्या नावाचा असेलच की!

पण देवदत्त बाहेर असताना ते कळणार कसं? तो घरात हवा आणि मी बाहेर. साधा प्रयोग.

त्याला बोलावून सगळं सांगितलं. तो हसत सुटला. "ताई, डोक्याची पार वाट लागलीये तुझी. चल ना माझ्याकडे राहायला."

"तू फक्त बस इथे. कशाला हात लावू नकोस."

तो आल्याबरोबर दिवा मालवलाच होता. मी बटण कपाटातून काढलं, आईच्या कॉटला पहिल्या जागी चिकटवलं आणि दाबून नीट बसवलं. तिन्हीसांज होत आली होती. दारात उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "येते गं, आई."

हसू नका.

दार ओढून घेतलं. खाली उतरले, कंपाउंडला एक फेरी मारली. तिला वेळ द्यायचा होता. ती अंथरुणातून सावकाश हात लांबवायची.

वर आले. दारावरची काच काळी होती.

थांबले. चेतनाच्या घरात कुकरची शिट्टी झाली. काच काळीच.

"आई," मी दाराला तोंड लावून म्हटलं, "मी बाहेर आहे गं."

आईच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. मला रडू फुटलं. एवढंसं बटण, आई. तेवढंही नाही?

मग आत पावलं वाजली. देवदत्त दार उघडायला येतोय, असं वाटलं. मी डोळे पुसले.

आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

"हो, आई," देवदत्त हळूच कुणाला तरी म्हणाला, "आले सगळे. लावली कडी."