मूठभर हिरवं गवत

"आत्ता कुठे तंबू ठोकले, आणि उद्या पुन्हा हलायचं!" भोपळ्या वैतागला.

सुट्टीत वसतिगृहातून घरी, म्हणजे मेंढरांच्या तळावर, आल्यापासून तो आणि त्याची चुलतबहीण टिटवी नुसती चालतच होती. मागच्या खेपेला एक कोकरू वाटेतच गेलं. आता टिटवीच्या मांडीवर दुसरं होतं, धड उभंही न राहणारं.

"इथलं गवत संपलं," टिटवीचे बाबा आजोबांना म्हणाले. "पुढे बघा, कसं माजलंय." त्यांनी हातातली जुडी दाखवली. पुढचं कुरण पाहायचं आणि तिथलं मूठभर गवत आणायचं, हे बाबांचं काम. ते पाहिलं की आजोबा तळ उठवायचे.

बाबा पुन्हा घोड्यावरून गेले.

"संपलं कसं?" भोपळ्या कुजबुजला. "मेंढरं तर पोटभर खाऊन रवंथ करत बसलीत."

टिटवीलाही ते खटकलं. कोकरू घेऊन दोघं ओढ्यावर गेली. पलीकडच्या काठावरचं गवत एका जागी सरळ कापलेलं होतं. मेंढरं गवत ओरबाडतात, विळा थोडीच चालवतात!

दोघं टेकडीवर चढली. पलीकडे टिटवीच्या मामांचा भलामोठा कळप होता आणि मामांशेजारी बाबा.

"उद्या आम्ही उठलो की तुझी मेंढरं उतरव," बाबा म्हणत होते. "म्हाताऱ्याला गवत दाखवलं की झालं."

"पुढे काय आहे?"

"खडक. पुन्हा हलवीन त्यांना. पावसानंतर टिटवीला घेऊन मी तुझ्याकडेच राहायला येणार आहे ना? मग तुझा हा कळप आपल्या दोघांचा."

टिटवी तरातरा टेकडी उतरली. बाबांनी केसाने गळा कापला होता, तोही घरच्यांचा.

"सांगायचं?" भोपळ्याने विचारलं. "तुझे बाबा आहेत गं."

"म्हणून तर मीच सांगणार."

संध्याकाळी बाबांनी दाखवलेली ती जुडी घेऊन तिने आजोबांना आणि बाबांना ओढ्यावर नेलं.

"बाबा, हे गवत पुढच्या कुरणातलंच ना?"

"किती वेळा सांगू?"

टिटवीने जुडी कापलेल्या खुंटांशी धरली. तीच जाड पाती, तीच बारीक निळी फुलं. मग तिने टेकडीपलीकडचं सगळं सांगितलं. आजोबांनी जुडी घेऊन स्वतः खुंटांना लावून पाहिली.

"टिटवे, तुझ्या भल्यासाठीच..." बाबा पुटपुटले.

"वाटेत गेलेलं ते कोकरू पुरताना रडलात, तेही खोटंच होतं का?"

बाबांची मान खाली गेली.

"तळ हलणार नाही," आजोबा म्हणाले. "पोरांनो, डोळे असून मी आंधळा होतो. तुम्ही कळप वाचवलात. यापुढे कुरण बघायला माझ्याबरोबर तुम्ही यायचं."

परतताना ओढा ओलांडायला बाबांनी नेहमीसारखा हात पुढे केला. टिटवी कोकरू छातीशी धरून एकटीच पाण्यातून गेली.