तिसरीतली भिंगरी

"थांब! पुस्तक इकडे दे!"

बाबांचा आवाज असा कडाडला, की शिलाई मशीनवर बसलेल्या आईचा पाय जागीच थिजला. भिंगरी कोल्ह्याचा धडा घडाघडा म्हणत होती, एक शब्दही चुकत नव्हता... आणि पुस्तक मात्र भलत्याच पानावर उघडं होतं! त्या पानावर पाणबुडीची माहिती होती.

"हे वाच." बाबांनी पाणबुडीवर बोट ठेवलं.

भिंगरीने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि तिचे डोळे टपटप गळू लागले. छापखान्यात उभा जन्म घालवणाऱ्याच्या लेकीला छापलेली ओळ वाचता येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

"सावत्र ती सावत्रच!" सासूबाई आतून कडाडल्या. "केसाने गळा कापला हो पोरीचा!"

अपराध आईचाच होता... आणि तो तिने मायेपोटी केला होता! ती लग्न होऊन या घरात आली, तेव्हा आईविना पोरकी झालेली भिंगरी पहिलीत होती आणि तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. एके दिवशी या नव्या आईने धडा मोठ्याने वाचला, वाघाचा आवाज काढला, माकडाचा काढला, आणि पोर हळूहळू सरकत मांडीवर येऊन बसली. तेव्हापासून हिने वाचायचं आणि तिने ऐकून पाठ करायचं. पहिली गेली, दुसरीही गेली, कुणाला पत्ता लागला नाही.

"सगळे पहिलीला घाबरतात हो," दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गबाई आईला म्हणाल्या. "पहिलीतलं रडू चार दिवसांत थांबतं. दुसरी पाठांतरावर निभते. खरी अवघड तिसरी! गणितसुद्धा आधी वाचावं लागतं. तिसरी कुणाच्या कडेवर बसून पार होत नाही. आता तिला एक ओळही वाचून दाखवू नका."

घरी बाबांचा निर्णय झालाच होता. "सहामाहीपर्यंत वाचायला लागली नाही, तर आजोळी पाठवायची. तिची मावशी शिक्षिका आहे, ती बघेल."

आईच्या काळजात चर्र झालं. तरी ती म्हणाली, "पाठवा. पण तोवर मला कुणी अडवायचं नाही."

त्या संध्याकाळी भिंगरी पुस्तक घेऊन आली. "आई, वाच ना!"

"नाही. तू वाच."

पोरीने विनवण्या केल्या, आकांत मांडला, शेवटी पुस्तक भिरकावलं. "आजी म्हणते तेच खरं! तू सावत्र आहेस!"

ज्या आवाजाने ही लेक मिळाली, तोच आवाज आता गिळायचा होता... आईने पुस्तक उचललं, तिच्यासमोर ठेवलं आणि ओठ मिटून बसून राहिली. रोज हेच चाललं. भिंगरी एकेक अक्षर लावू लागली, पण आईशी बोलेनाशी झाली. जेवतानाही ती आजीलाच चिकटून बसे.

सहामाहीच्या आदल्या संध्याकाळी पाणबुडीचा धडा निघाला. "पा... णबुडी... खोल... समु... समु..." जोडाक्षरापाशी गाडी अडली. पोरीची हनुवटी थरथरू लागली. दारात उभ्या सासूबाईंना राहवेना.

"अगं, समु—"

"सासूबाई, गप्प बसा!"

या सुनेने आजवर कधी आवाज चढवला नव्हता! सासूबाई तोंड उघडणार, तोच त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. मुठी आवळलेल्या, पदर दातांत धरलेला, आणि डोळ्यांतून अखंड धारा... सासूबाई मुकाट खाली बसल्या.

"समु... द्... र... समुद्रात!" भिंगरी ओरडली. मग ठेचकाळत, सावरत तिने पान संपवलं.

"दगड समजत होते गं मी तुला..." सासूबाईंनी सुनेचा हात धरला. "पोर कुठेही जाणार नाही. माझ्या लेकाला मी बघते!"

आईला हुंदका आवरेना. भिंगरीने मान वर केली नाही. फ्रॉकला नाक पुसत ती नुसती सरकली, आईच्या गुडघ्याला टेकली आणि तिने पान उलटलं.

"अजून दोन धडे राहिलेत," ती फुरंगटल्या आवाजात म्हणाली. "तू वाचू नकोस हं, आई. नुसती बस."