सातव्या वळणावर

"अहो! बूट हातात कशाला घेतलेत?"

दाट धुक्यात माझ्या नव्याकोऱ्या ट्रॅकवरून कुणीतरी नुसत्या मोज्यांवर चालत होतं. मोटारसायकल शर्यतीचा हा ट्रॅक मी आखलेला, त्यामुळे माझं डोकं फिरलंच.

"रस्ता आधी पायांना कळू द्यावा... मग चाकांना," तो हसला. "मी चाचणीचा रायडर. तू ओरडतेस छान हं."

"एकदम एकेरीवर?"

"बरं, तुम्ही. तुम्ही ओरडता छान."

शहाणाच होता! मला हसू आलं आणि ते लपवताही येईना. चालताना त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला... मी बाजूला झाले नाही.

सातव्या वळणावर तो थबकला. डांबरावर टायरचा काळा ओरखडा होता — सरळ बाहेर, थेट भिंतीपर्यंत.

"रोज सकाळी उमटलेला असतो," मी म्हणाले. "रोज धुतो आम्ही. इथे अजून एकही गाडी फिरलेली नाही."

तो खाली वाकला. ओरखड्यात मधोमध एक बारीक कोरी रेघ होती.

"माझ्या मागच्या टायरला अगदी अशीच चीर आहे," तो हळूच म्हणाला. "पण गाडी अजून टेम्पोतच आहे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो गाडी उतरवायला गेला आणि मी धावत जाऊन उतार मोजायची लेव्हलपट्टी आणली, डांबरावर टेकवली. पाणी लवकर वाहून जावं म्हणून मी उतार बाहेरच्या बाजूला दिला होता. वेगातली गाडीही तिकडेच जाणार होती.

मी पळत टेम्पोपाशी परतले तेव्हा तो इंजिन चालू करून बसला होता, शेजारी आमचे साहेब उभे. मी गाडीला आडवी झाले.

"वळण चुकलंय. माझंच चुकलंय. उखडा ते!"

"वेड लागलंय का? नोकरी जाईल तुझी," साहेब कडाडले.

"जाऊ दे! नोकरी दुसरी मिळेल. हा... हा नाही मिळणार."

बोलून बसले! कान तापले नुसते. त्याने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "आता चालेल ना एकेरी?"

"चालेल," मी कशीबशी म्हणाले. त्याने माझा हात धरला.

तेवढ्यात धुक्यातून सातव्या वळणाच्या दिशेने एक गाडी सुसाट गेली. दिसली नाही, पण आम्हा तिघांनाही ऐकू आली. टायर किंचाळले, मग धाडकन आवाज... मग काहीच नाही.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उखडा," ते पुटपुटले.

त्याची बोटं माझ्या हातात गरम होती. मी ती घट्ट धरून ठेवली.