सल्या, थांब ना

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. माझं नाव सलिल. आम्ही कोथरूडचे. आणि यातलं एकही वाक्य मी पदरचं घातलेलं नाही.

त्या जागेचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे चार बस उभ्या राहतील. आपली पुण्याची माणसं मला चांगली माहीत आहेत.

साल २००७. ऑक्टोबर संपत आला होता, दिवाळी व्हायची होती.

मी तेव्हा हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नवा नवा लागलो होतो. धाकटी बहीण अवनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ऑर्कुटवर एका ट्रेकिंग ग्रुपची जाहिरात दिसली. एका दिवसात डोंगरावरची दोन तळी आणि एक घळ. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. सोबत गावातला वाटाड्या.

घळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली चिंचोळी फट. खाली पाणी, वर आभाळाची पट्टी.

मी दोन नावं नोंदवली.

अवनीबद्दल आधी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

एक तर तिची जीभ. तिने मला जन्मात कधी दादा म्हटलं नाही. सल्या. चारचौघांत, माझ्या मित्रांसमोर, कुठेही सल्याच. आई म्हणायची, "अगं, मोठा आहे तो तुझ्यापेक्षा." ही म्हणायची, "वयानेच ना? मग हरकत नाही."

दुसरी गोष्ट म्हणजे कचरा. रस्त्यात कुणी गुटख्याची पुडी टाकली तर ती उचलून त्याच माणसाच्या हातात द्यायची. "काका, आपलं काहीतरी पडलं." कुठेही डोंगरावर जाताना तिच्या सॅकमध्ये एक मोठी काळी पिशवी असायचीच. येताना ती भरलेली असायची.

त्या दिवशीही पिशवी होती.

बसने आम्हाला पठारावर सोडलं. ग्रुपचा लीडर होता सौरभ, आयटीतलाच. वाटाड्या होता गेनबा. पन्नाशीचा, अंगात कुठल्याशा कंपनीचा फुकट मिळालेला टी-शर्ट, आणि तोंडाला विश्रांती नाही. त्या भागात कधीतरी एका मालिकेचं शूटिंग झालं होतं. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक दगडाशी तो थांबायचा.

"हितं बसली हुती हिरवीन. ह्याच दगडावर."

पुढच्या दगडाशी पुन्हा तेच.

अवनी म्हणाली, "काका, तिला उभं राहायला दिलंच नाही का कुणी?"

सगळे हसले. गेनबाही हसला. ऊन कोवळं होतं, सोनकी फुललेली होती. वाईट काही घडेल असं वाटावं, असं त्या सकाळी काहीच नव्हतं.

पहिलं तळं मोठं होतं. तिथे पोहे खाल्ले, फोटो काढले. दुसरं तळं लहान, झाडांच्या आत दडलेलं. त्याचंच पाणी पुढे घळीत उतरत होतं.

तिथे पोचल्यावर मला एक गोष्ट जाणवली...

आवाज नव्हता.

पहिल्या तळ्यावर पाखरांचा नुसता गलका होता. इथे बेडूकसुद्धा ओरडत नव्हता. मी ते कुणाला बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

काठावर शेंदूर फासलेले काही दगड ओळीने मांडलेले होते. समोर खण, हिरव्या बांगड्या, एक छोटा आरसा, फणी. पण सगळं प्लास्टिकमध्ये. खण प्लास्टिकच्या पाकिटात, बांगड्यासुद्धा प्लास्टिकच्या. उदबत्त्यांच्या रिकाम्या पुड्या, कुजलेल्या नारळाची पिशवी. आणि त्यातलं अर्धं पाण्यात तरंगत होतं.

त्या आसरा होत्या. पाण्यातल्या बायका. गावोगावी पाणवठ्यावर त्यांना असं वाहतात, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं. आमच्या घरात सत्यनारायणापलीकडे कशाशी संबंध आला नव्हता.

गेनबा पुढे गेला होता. घळीच्या तोंडाशी कुणाला तरी हिरॉईनचा दगड दाखवत असावा.

अवनीने पिशवी उघडली.

"अगं, पूजेचं आहे ते," मी म्हटलं.

"पूजा झाली ना? मग आता तो कचरा आहे. देवाला प्लास्टिक आवडत असेल असं मला वाटत नाही, सल्या."

तिने सगळं उचललं. पाण्यातलं काठीने ओढून घेतलं. आरसा आणि फणीसुद्धा. शेवटी दगडांसमोरची जागा हाताने झाडून स्वच्छ केली. मनापासून केलं होतं तिने. वाईट हेतू औषधालासुद्धा नव्हता.

पिशवीला गाठ मारून ती घळीच्या तोंडाशी आली. गेनबा काहीतरी सांगत होता. त्याची नजर पिशवीवर गेली. गाठीच्या फटीतून हिरवा खण डोकावत होता.

तो बोलायचा थांबला...

आणि मग बोललाच नाही. घळ पार होईपर्यंत एक शब्द नाही. हिरॉईन तर सोडाच, "जपून" एवढंही नाही.

त्याआधी सकाळी त्याने सांगून ठेवलं होतं, "येकदा घुसलं की पल्याडच निगायचं. मदी फाटा न्हाई. धरणाच्या पान्यावर बाहेर पडतो आपन, गाडी तितंच येनार." वाट इतकी अरुंद होती की एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल. पुढच्याला ओलांडून जायचं म्हटलं तरी जमणार नाही. हे नीट लक्षात ठेवा.

सर्वात पुढे गेनबा, मग सौरभ, मग बाकीचे. शेवटून दुसरा मी. शेवटी अवनी, कारण तिला वाटेतला कचराही उचलायचा होता.

भर दुपार होती, पण आत हिरवा अंधार. कड्यांवरून पाणी ठिबकत होतं. मधे एक डोह लागला, कमरेएवढा. दुसरा इलाज नव्हता. पुढचे सगळे चिंब होऊन पार झाले. पाणी इतकं गार की दात वाजायला लागले.

डोहाच्या अलीकडे अवनी थांबली. दगडांच्या सांदीत वेफर्सचं पाकीट अडकलं होतं.

"तू हो पुढे. आलेच."

मी डोह ओलांडला. पलीकडे वळण होतं. वळणापाशी उभा राहून मी हाक मारली, "अवनी?"

"आले रे, सल्या."

मग बांगड्यांचा आवाज आला...

काचेच्या बांगड्यांचा. खूपशा हातांतल्या. एखाद्या हळदीकुंकवाला बायका जमल्यावर येतो तसा.

अवनीच्या हातात फक्त घड्याळ होतं. आणि पिशवीतल्या बांगड्या प्लास्टिकच्या होत्या.

"अवनी?"

काही नाही.

मी तसाच वळून डोहापर्यंत परत आलो. वेफर्सचं पाकीट सांदीत तसंच होतं. अवनी नव्हती. डोहातलं पाणी अगदी स्थिर. इतक्या माणसांनी आत्ताच ढवळलेलं पाणी, आणि त्यावर साधी लहर नाही. मी पुन्हा पाण्यात उतरलो. पायांनी तळ चाचपला, वाकून हातांनी शोधलं. ओरडून ओरडून घसा बसला.

तेवढ्यात पुढून सौरभची शिट्टी वाजली. मग त्याचा आवाज.

"सलिल, कुठे राहिलास? सगळे आलेत."

मी धडपडत, ठेचकाळत बाहेर आलो. समोर धरणाचं पाणी, काठावर आमची बस. कसंबसं म्हटलं, "अवनी... अवनी आत..."

सौरभ म्हणाला, "अवनी? ती केव्हाच आलीये. ती काय, बसलीये."

ती बसली होती.

एका खडकावर, पाय जुळवून. केस विंचरलेले, मधोमध भांग पाडलेला.

मला आधी नुसतं हायसं वाटलं. रडूच आलं. मी धावत गेलो, तिचे खांदे धरले. आणि मग हाताला जाणवलं...

ती कोरडी होती.

कपडे कोरडे, बूट कोरडे. बाकी सगळे नखशिखांत भिजलेले, सौरभ तर पँट पिळत उभा होता.

"माझ्या पुढे कशी आलीस तू?"

ती नुसती हसली.

"पिशवी कुठाय?"

"ठेवली."

"कुठे?"

"जिथली होती तिथे, दादा."

दादा.

मला वाटलं, टिंगल करतेय. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिथे टिंगल नव्हती.

आणि मग घळीतून आवाज आला. लांबून, बारीक...

"सल्या..."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"सल्या, थांब ना."

तो माझ्या बहिणीचा आवाज होता. लहानपणी मी सायकल जोरात दामटली की मागून जसा यायचा, अगदी तसा.

सौरभ म्हणाला, "इको असेल." पण बाहेर आल्यापासून माझं ते नाव कुणीच उच्चारलं नव्हतं. मग कसला इको?

मी घळीकडे निघालो. सौरभने दंड धरला. "कोण राहिलंय आत? सांग ना. सगळे इथे आहेत."

सगळे होतेच. जिच्यासाठी आत जायचं, ती माझ्या समोर खडकावर बसली होती. मी काय सांगणार होतो त्याला?

गेनबाने एकदा अवनीकडे पाहिलं. लगेच नजर खाली घातली. जेवण तयार होतं, पण तो जेवला नाही, कुणाशी बोलला नाही. काठी उचलून धरणाच्या कडेने तरातरा निघून गेला.

"चल दादा," ती म्हणाली. "भूक लागलीये."

ड्रायव्हरने बस सुरू केली तोपर्यंत तो आवाज येत होता. नंतर इंजिनाच्या आवाजात ऐकू आला नाही. थांबला असं मी म्हणणार नाही.

घरी सगळे खूश होते. अवनी उलटून बोलेना, भांडेना. बाबा म्हणाले, "आधीच पाठवायला हवं होतं हिला डोंगरावर." आई पण हसली.

आईचं हसू फार दिवस टिकलं नाही.

अवनी लहानपणापासून झोपेत बोलायची. परीक्षेच्या दिवसांत तर अख्खी प्रमेयं म्हणायची. ते बंद झालं. आई तिच्याच खोलीत झोपायची. एकदा सकाळी चहा गाळता गाळता मला म्हणाली, "सलिल, तिचा श्वासपण ऐकू येत नाही रे रात्री. मी नाकाशी हात धरून बघते, तान्ह्या बाळाचं बघतात तसं."

"मग?"

"असतो श्वास. थंड असतो."

मी तेव्हा आईला घळीतलं सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग गाळणं धुतलं, ओटा पुसला.

"परत हा विषय काढू नकोस," ती म्हणाली. "माझी मुलगी घरी आलीये. मला तेवढं पुरे आहे."

मी काढला नाही. अवनी शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं. कोथरूडमध्येच राहते. नवरा भला माणूस आहे, एक मुलगी आहे. बाबांच्या आजारपणात तिने जे केलं ते मी केलं नाही. तिच्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही. कधीकधी वाटतं, सगळं माझ्याच डोक्यात आहे. माझी बहीण फक्त मोठी झाली.

असं वाटून घेतलं की झोप लागायची.

गेल्या वर्षी ऑफिसमधली निकिता, माझ्या टीममधली मुलगी, सुट्टीवरून आली आणि फोटो दाखवू लागली. दोन तळी, एक घळ. मी फोटो ओळखले.

"सर, एक विचित्र गोष्ट झाली तिथे," ती म्हणाली. "डोहापाशी आम्ही सगळे गप्प होतो. पाण्यात उतरायच्या आधी सगळे घाबरतातच ना. आणि आतून कुणीतरी हाक मारली. एका मुलीचा आवाज. आमच्या ग्रुपमध्ये त्या नावाचं कुणीच नव्हतं."

"काय नाव?"

"सल्या. असं काहीतरी. सल्या, थांब ना."

ऑफिसात मी सलिल सर आहे. सल्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

त्याच संध्याकाळी मी अवनीकडे गेलो. ती वाल सोलत बसली होती. भाची आत अभ्यास करत होती. मी बसलो, इकडचं तिकडचं बोललो. मग म्हटलं, "रविवारी जरा बाहेर जातोय. त्या घळीत जाऊन येईन म्हणतो एकदा."

तिचे हात थांबले नाहीत. वाल सोलणं चालूच होतं. वर न बघता ती अगदी मायेने म्हणाली...

"नको जाऊस, दादा. इतकी वर्षं झाली. ती आता ओळखणार नाही तुला."

मी कोण म्हणून विचारलं नाही. तिने उठून चहा केला, मी प्यायलो. भाचीच्या डोक्यावर हात ठेवून निघालो.

तो रविवार गेला. नंतरचेही बरेच गेले. मी अजून गेलेलो नाही, आणि जाईन असं वाटत नाही.

कारण ती जे म्हणाली ते खोटं असलं तर? त्या डोहापाशी माझी बहीण अजून उभी असेल, आणि मला बघताक्षणी ओळखेल, तर इतकी वर्षं का आलो नाही म्हणून मी तिला काय सांगू?