तेल सुटता कामा नये

तिळाच्या वाटणात मी दोन चमचे पाणी घातलं, आणि ते पातळ व्हायच्या ऐवजी घट्ट झालं.

थोडंथोडकं घट्ट नाही. आधी ते चमच्यावरून मधासारखं ओघळत होतं. पाणी घालून ढवळल्यावर त्याचा असा गोळा झाला की चमचा त्यात ताठ उभा राहिला. पाणी घातलं की वस्तू पातळ होते, एवढं तर बालवाडीतल्या पोरालाही कळतं. मी वैतागून वाडगा ओट्यावर आपटला.

"हे तीळच खराब आहेत!"

"तिळांस्नी काय बी बोलू नगा, शलाकाताई," बल्लव म्हणाला. "मी स्वतः भाजल्यात. बारीक आचेवर, तडतड थांबस्तवर."

बल्लव हा आमचा स्वयंपाकाचा यंत्रमानव. आमच्याकडे येण्याआधी तो इथे कोल्हापुरातच एका खानावळीत होता, त्यामुळे त्याची भाषा तिथली आणि हातही तिथलाच. त्याच्या डोक्यात हजारो नियम आहेत. त्यातला पहिला म्हणजे मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा. तेल सुटलं आणि वर लालभडक कट (रश्श्यावर तरंगणारा तेलाचा थर) आला, की पदार्थ झाला. हा नियम त्याने कधीही मोडला नव्हता, आणि त्यामुळेच दुपारी घोटाळा झाला होता.

घोटाळा मिहिकाच्या बाबतीत झाला, म्हणून तो मला फार लागला. मिहिका ही माझी चुलत बहीण. काका-काकू चंद्रावरच्या वस्तीत काम करतात. ती तिथेच जन्मली आणि आता दहाव्या वर्षी पहिल्यांदा पृथ्वीवर आली. पडद्यावर आम्ही रोज भांडायचो, पण तिला खरोखर भेटायची मी किती वाट पाहिली होती ते माझं मलाच ठाऊक. आणि आली ती बिचारी पलंगावरच पडून राहिली. चंद्रावर आपलं वजन इथल्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतकं भरतं. इथे तिला स्वतःचेच पाय उचलवत नव्हते. त्यात तिच्या घशाखाली घास उतरेना. चंद्रावर गाई-म्हशी नाहीत, कोंबड्या नाहीत, म्हणून तिथली सगळी माणसं वीगन (प्राण्यांपासून मिळणारं काहीही, अगदी दूध-तूपसुद्धा न खाणारी) आहेत. आमच्या घरातल्या तुपाच्या नुसत्या वासानेही ती नाक दाबायची. भाकरीचा तुकडा चघळत बसायची आणि हळूच ताटाखाली सरकवायची.

सकाळी डॉक्टर नदाफ येऊन स्पष्ट सांगून गेले होते. "उद्या सकाळपर्यंत हिनं आपणहून पोटभर खाल्लं, तर ठीक. नाहीतर हिला बंगळुरूला हलवायचं आणि तिथून पुढच्या यानानं परत पाठवायचं. अंगात ताकद नसताना इथं ठेवणं बरं नाही."

परत! अजून आम्ही एकदाही अंगणात खेळलो नव्हतो.

"तुला काय खावंसं वाटतंय ते तरी सांग," मी तिला विचारलं.

"रामेन," ती म्हणाली. रामेन म्हणजे जपानी पद्धतीच्या, रश्श्यात घातलेल्या गव्हाच्या लांब शेवया. "आमच्या भोजनगृहात ताकेदाकाका करतात तसं. तिळाचं, पांढरं आणि दाट. वर टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर)."

बल्लवने लगेच कंबर कसली. वाटण परतलं, सोयाबीनचं दूध ओतलं आणि तेल सुटेपर्यंत खळाखळा उकळलं. "नादखुळा कट आलाय, बगा!" म्हणत त्याने वाडगा मिहिकापुढे ठेवला. वर तेल, खाली करडं पाणी आणि मध्ये फुटक्या गुठळ्या. मिहिकाने एक घोट घेतला, "छान आहे" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ती रडत होती हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

म्हणून संध्याकाळी मी स्वतः ओट्यापाशी उभी राहिले, तर हा गोळा! मी वाडगा घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

"थांब, टाकू नकोस." दारात आबा उभे होते. आबा म्हणजे माझे आजोबा. उभा जन्म त्यांनी प्रयोगशाळेत अन्नपदार्थ तपासण्यात घालवला. आता निवृत्त झालेत, पण काही बिघडल्याचा वास आला की आधी तेच हजर. "त्यात आणखी पाणी घाल."

"आबा, पाण्यामुळेच तर वाट लागलीय!"

"तरी घाल. कोमट घे. थोडं थोडं घालत जा आणि हात थांबवू नकोस."

मी तोंड वाकडं करून पाणी घातलं. गोळा हटून बसला होता. आणखी घातलं, तसा तो जरा नरमला. मग एकदम सैल पडला, गुळगुळीत झाला, आणि त्याचा मातकट रंग जाऊन तो चक्क पांढरा झाला! दुधाचा थेंबही न घालता वाडग्यात साय दाटल्यासारखं काहीतरी तयार झालं होतं.

"ही काय जादू?"

"बल्लव, तुझा भिंगाचा डोळा काढ बरं," आबा म्हणाले.

बल्लवचा एक डोळा तांदळातले खडे शोधण्यासाठी आहे. त्यातून केसाहून बारीक वस्तूही मोठी दिसते आणि त्याने ठरवलं तर ते चित्र भिंतीवर पडतं. आबांनी आधी त्याच्यासमोर पाणी न घातलेलं वाटण धरलं. भिंतीवर पिवळसर तेलाचा समुद्र दिसला आणि त्यात तिळाचे असंख्य बारीक कण तरंगताना दिसले.

"तिळात जवळजवळ निम्मं तेलच असतं. वाटल्यावर ते बाहेर येतं आणि कण त्यात सुखानं घसरत राहतात, म्हणून वाटण ओघळतं. आता यात एक थेंब पाणी टाक."

मी टाकला. जवळचे कण त्या पाण्याने भिजले आणि एकमेकांना चिकटत गेले.

"ओल्या हवेत साखरेचे खडे होतात तसं!" मी म्हणाले.

"बरोब्बर. पाणी थोडं असलं की ते कणांना चिकटवतं, म्हणून गोळा होतो. पण भरपूर पाणी घातलं की सगळा डावच उलटतो. आता तुझा वाडगा धर."

भिंतीवर आता पाण्याचा समुद्र होता, आणि त्यात तेलाचे इवले इवले गोल थेंब, मोजता न येणारे.

"आधी तेलात पाणी होतं, आता पाण्यात तेल," मी हळूच म्हणाले.

"याला पायस म्हणतात (एकमेकांत न विरघळणाऱ्या दोन द्रवांपैकी एकाचे थेंब दुसऱ्यात पसरून राहिलेलं मिश्रण). इमल्शन म्हण हवं तर. प्रत्येक थेंब त्याच्यावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे उधळतो. सगळे रंग सारखेच उधळले गेले की आपल्याला पांढरं दिसतं. दूध त्याचमुळं पांढरं आणि ढगही त्याचमुळं."

"पण तेल तर पाण्यावर येतंय, आबासाहेब," बल्लव म्हणाला. त्याला तेलाविषयी कुणी काही सांगितलेलं आवडत नाही. "हे थेंब वर का येईनात?"

"येतील, पण फार सावकाश. एकमेकांत मिसळून मोठे झाले असते, तर भराभर वर आले असते. पण मध्ये मध्यस्थ उभे आहेत ना. तिळातली आणि सोयाबीनमधली प्रथिनं (शरीर घडवणारे अन्नघटक) आणि त्यांच्या जोडीला लेसिथिन (एक टोक तेलात आणि दुसरं पाण्यात रमणारा पदार्थ). ते प्रत्येक थेंबाभोवती कडं करतात. एक हात तेलाच्या हातात, दुसरा पाण्याच्या. दोन थेंब जवळ आले, तरी कडी आड येतात."

मला खो-खोच्या आधी हात धरून केलेलं रिंगण आठवलं. आत कुणी घुसू शकत नाही.

आता टोफूची पाळी. मिहिकासाठी बल्लवने आदल्या रात्री भिजवलेलं सोयाबीन सकाळीच वाटून, गाळून त्याचं दूध उकळून ठेवलं होतं. दुपारच्या घोटाळ्यानंतर त्यातलं दोन भांडी उरलं होतं. एक रश्श्यासाठी बाजूला ठेवलं. दुसऱ्यातलं दूध पुन्हा तापवून आबांनी त्यात लिंबू पिळलं आणि बघता बघता त्याच्या गुठळ्या झाल्या.

"फुटलं की!" बल्लव ओरडला. "दुपारी मी फोडलं तर मिहिकाताई रडल्या, आन आता तुमी फोडताय तर शाबास?"

आबा पोट धरधरून हसले. "अरे, आत्ता आपल्याला फुटायलाच हवंय. लिंबाच्या आंबटपणानं प्रथिनं एकमेकांना चिकटली, म्हणजे साकळली. पनीर करतो तसंच. टोफूला साकळायला हवं, रश्श्याला नको. चांगलं-वाईट काही नसतं, काय करायचंय त्यावर ठरतं."

गुठळ्या फडक्यात बांधून त्यावर वरवंटा ठेवला. बल्लवने गव्हाच्या पिठात चिमूटभर खायचा सोडा घालून ते मळलं आणि लांब शेवया कापल्या. सोड्यामुळे शेवया जरा चिवट होतात, तोंडात विरघळून जात नाहीत. पातेल्यात आळंबी, आलं, लसूण आणि कांदा यांचं पाणी तयार झालं होतं. त्यात शेवटचं सोयादूध आणि तिळाचं पायस मिसळलं, किंचित सोया सॉस घातला. रस्सा पांढराशुभ्र दिसत होता. मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात बल्लवचा हात शेगडीच्या खुंटीवर गेला आणि त्याने आच मोठी केली.

"बल्लव! काय करतोस?"

"तेल सुटलं न्हाई अजून."

मी त्याचा हात ओढला, पण यंत्राचा हात मला थोडाच हलणार! आबांनी पातेलंच उचलून खाली ठेवलं. दूध संपलं होतं. हे फुटलं असतं, तर उद्या सकाळी मिहिका गेली असती.

"आबा, त्याचा तो नियमच काढून टाका! एक बटण तर दाबायचं!"

"निघेल की. मग रविवारी तांबडा रस्सा कोण करणार?"

बल्लवच्या छातीवरचा दिवा मंद झाला होता आणि तो नुसता शेगडीकडे बघत होता. मला वाईट वाटलं. त्याचा तरी काय दोष? त्याला नियम मिळाला होता, कारण कुणी दिलंच नव्हतं.

"आबा, मसाल्याला तेल का सुटतं?" मी विचारलं.

"परतताना वाटणातलं पाणी उडून जातं. पाणी गेलं की तेल मोकळं होतं. म्हणजे तेल सुटलं, याचा अर्थ पाणी संपलं आणि मसाला नीट भाजला."

मी बल्लवसमोर जाऊन उभी राहिले. "बल्लव, पांढरा रस्सा करताना तू त्याला खळाखळा उकळी देतोस?"

"छ्या! नारळाचं दूध घातलं की आच बारीक. उकळी आली तर फुटतंय."

"का फुटतं?"

"ते ठाऊक न्हाई. तसा नियम हाय."

"मग ऐक. नारळाचं दूधही पायसच आहे. फार उकळलं की मध्यस्थ प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि तेलाचा हात सोडतात. मग थेंब एकत्र येतात, मोठे होतात आणि वर येतात. तांबड्या रश्श्याच्या मसाल्यातलं पाणी आपल्याला घालवायचं असतं. इथे पाणी आत हवंय आणि तेल त्याच्याबरोबर हवंय."

बल्लवच्या डोक्यातला पंखा जोरात फिरू लागला. मग दिवा लख्ख पेटला.

"म्हंजे हे रामेन पांढऱ्या रश्श्याचं भावंड हाय व्हय? मग आदीच सांगायचं की!"

त्याने स्वतःच आच बारीक केली आणि पातेलं परत वर ठेवलं. वाफ दिसू लागली, कडेला बुडबुडा यायच्या आत त्याने शेगडी बंद केली. वाडग्यात शेवया, वर रस्सा, त्यावर तिळाच्या तेलात खरपूस केलेले टोफूचे तुकडे आणि कांद्याची पात. शेजारी मात्र त्याने एका इवल्याशा वाटीत लालभडक तेल ठेवलं.

"कट येगळा केलाय," तो जरा लाजत म्हणाला. "घालायचा का न्हाई ते मिहिकाताईंनी ठरवायचं."

मिहिका उठून बसली ती वासानेच. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मग नुसता शेवया ओढल्याचा आवाज येत राहिला, आणि तो ऐकून मलाच रडू फुटायची वेळ आली.

अर्धा वाडगा संपल्यावर तिने लाल तेलाचा एक थेंब रश्श्यात सोडला. तो टुणकन वर आला.

"इथे किती लवकर वर येतं!" ती म्हणाली. "आमच्याकडे आरामात येतं."

"यायचंच," आबा म्हणाले. "गुरुत्वाकर्षण जड पाण्याला खाली खेचतं, म्हणून हलकं तेल वर ढकललं जातं. चंद्रावर ती ओढ सहाव्या हिश्शाची, म्हणून तेवढ्याच थेंबाला साधारण सहापट वेळ."

"म्हणजे ताकेदाकाकांचा रस्सा इथल्यापेक्षा जास्त वेळ टिकत असेल! परत गेले की मी बघीन. शलाका, तू इथे बघ, मी तिथे बघते. पण आत्ता नाही. सुट्टी संपल्यावर."

सुट्टी संपल्यावर! मी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे.

मिहिकाने वाडगा दोन्ही हातांनी उचलून शेवटचा घोट प्यायला. मग पाय पलंगाखाली सोडले. बल्लव तिला धरायला पुढे झाला, पण आबांनी त्याला खुणेनेच थांबवलं. ती उठली. भिंतीला हात टेकत, ओठ आवळून, एकेक जड पाऊल टाकत ती शेगडीपर्यंत गेली आणि तिने रिकामा वाडगा पुढे केला.

"अजून आहे?"

बल्लवने झाकण उचललं, भिंगाचा डोळा लावून पातेल्यात नीट पाहिलं, आणि त्याचा दिवा कधी नव्हे इतका उजळला.

"हाय की," तो म्हणाला. "आन तेल बी सुटलेलं न्हाई."