सरकलेली ओळ

रीना रामटेके आली ती बसलीच नाही. "माफी माग म्हणतात. काऊन मागू? थे ओळ माझी नाही."

खासगी गुप्तहेर योगेश्वरी बिसेन शांतपणे ऐकत होती. शेजारी तिचा भाऊ तिलक, तिची गाडी चालवणारा आणि अंदाज हमखास चुकवणारा.

सडक अर्जुनीजवळच्या रीनाच्या गावात तलावाचं गेट संगणकावर चालायचं. दर तासाला प्रोग्राम नव्यानं सुरू व्हायचा आणि कुणाची पाळी ते बघायचा. तो पर्ल नावाच्या जुन्या भाषेत होता; पाणी संस्थेच्या सांगण्यावरून रीनानं तो पायथन या नव्या भाषेत आणला. पायथन समासाच्या, म्हणजे ओळ किती आतून सुरू होते याच्या, बाबतीत मोठी कडक, पर्लला त्याचं काही नाही, एवढं तिनं तिलकला समजावलं. काल रात्री कुणाची पाळी नसताना गेट उघडलं आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे, लावणीची कोवळी रोपं, वाहून गेले. सकाळी भोंग्यावरून तिचं नाव घेऊन साऱ्या गावाला सांगितलं, हिनंच बुडवलं. दुपारच्या सभेत तिला कामावरून काढणार होते.

संस्थेच्या खोलीत रीनानं प्रोग्राम उघडला. तिच्या ओळी धानाच्या रोवणीसारख्या सरळ. एकच ओळ, गेट उघडायची, भलतीच आत सरकलेली, शेवटी अर्धविराम. बाकी कुठल्याच ओळीला तो नव्हता. शेजारी जुना प्रोग्राम होता, त्याच्या ओळीओळीला अर्धविराम.

अध्यक्ष भैयालाल कटरे हात प्लास्टरमध्ये घेऊन बसले होते. पासवर्ड त्यांनीच भिंतीवर चिकटवलेला. चौकीदार बिसरामनं सांगितलं, आपल्याले संगणक समजत नाही. गेटच्या हातचाकाची किल्ली खिळ्यावर असते, कोणीबी नेते. जुना प्रोग्राम लिहिणारा ओमेश हसला. म्हणाला, नवी भाषा मी शिकलो नाही, शिकणारही नाही. माझा प्रोग्राम होता तोवर गाव सुखी होतं.

योगेश्वरी तलावावर गेली. हातचाकाचा गंज ताजा घासलेला होता.

"बिसराम," तिलक ठामपणे म्हणाला. बहीण सभेकडे निघाली.

सभेत तिनं रीनाला प्रोग्राम जसाच्या तसा चालवायला सांगितलं. पडद्यावर चूक दाखवून तो जागीच थांबला.

"समास बिघडला की पायथन पहिली ओळसुद्धा चालवत नाही," योगेश्वरी म्हणाली. "म्हणजे काल हा प्रोग्राम चाललाच नाही. गेट हातानं उघडलं. ओळ घालणाऱ्यानं वाट पाहिली, गेट हललं नाही, तेव्हा त्यानं किल्ली नेली. अध्यक्षांच्या हाताला प्लास्टर, चाक फिरणार नाही. बिसरामला ओळ लिहिता येत नाही. समासाची पर्वा नाही आणि अर्धविरामाची सवय, असा जुन्या भाषेचा हात इथं एकाचाच."

ओमेशची मान खाली गेली. गाव आता आपल्या दारात येणार नाही, हेच त्याला सोसलं नव्हतं, असं तो पुटपुटला. तिलकला त्याची कीव आली आणि रागही आला.

भैयालाल घाईनं म्हणाले, जाऊ द्या, गावचाच माणूस आहे. पऱ्ह्यांची भरपाई करील. पोरी, तुझं काम राहिलं, झालं तर मग.

रीनानं ती ओळ पुसली. प्रोग्राम सुरू झाला. मग ती उठली, भोंग्याचा माईक काढून आणला आणि ओमेशसमोर ठेवला.

"माझं नाव यातूनच घेतलं होतं," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही घ्या. साऱ्या गावाले ऐकू गेलं पाहिजे."

भैयालाल काही बोलणार होते. बिसरामनं भोंग्याचं बटण दाबलं.